पारसाचा राजा पहिला दारयावेश

एज्राच्या पुस्तकांतील पांचवा व सहावा हे अध्याय आमच्या मंडळ्यांत वाचण्यांत येतात, तेव्हां दारयावेश राजाचें नांव कानांवर पडतें. यरुशलेमांतील मंदिराचें अडलेलें काम याच राजाच्या हुकुमानें तडीस गेलें, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु हा राजा कोण होता, त्यास राज्य कसें मिळालें, तें त्यानें कोणत्या रीतीनें चालविलें, आणि एवढ्या मोठ्या बादशहानें एका लहानशा, गरीब लोकांच्या मंदिराकडे लक्ष कां दिलें, याविषयीं आमच्या पुष्कळ वाचकांस माहिती नसते. ज्या उपदेशकांस व शिक्षकांस हे अध्याय मंडळीपुढें समजावून सांगावे लागतात, त्यांस ती माहिती असणें अगत्याचें आहे. म्हणून आम्ही आज या राजाचें चरित्र थोडक्यांत देत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्याच्या कारकीर्दींत दानीएलास सिंहांच्या गुहेंत टाकलें, तो दारयावेश मेदी होय. त्याचा उल्लेख बाबेल पडल्याच्या वेळचा आहे. आमचा चरित्रनायक पारसी असून तो बाबेल पडल्यानंतर सतरा वर्षांनीं गादीवर बसला. नहेम्याच्या बाराव्या अध्यायांत जो दारयावेश पारसी येतो, तो बहुतकरून याच्या मागून झालेला दुसरा दारयावेश असावा. हग्गय व जखऱ्या या संदेष्ट्यांच्या काळचा जो राजा, तोच हा.

जन्म व कुल

दारयावेशाचा जन्म इ. स. पू. ५५० च्या सुमारास झाला. त्याचें घराणें मूळचें पारस देशचें. हा देश हल्लीं इराणाच्या दक्षिण भागांत फार्स या नांवानें ओळखला जातो. त्याच्या बापाचें नांव विश्तास्प व आजाचें अर्शाम असें होतें. मूळ पुरुष हखामनी याच्यावरून हें कुल हखामनी म्हणून प्रसिद्ध आहे. दारयावेश या नांवाचा त्याच्या स्वतःच्या भाषेंत चांगलें तें घट्ट धरून ठेवणारा असा अर्थ होतो.

तो लहान होता त्या काळांतच कोरेश राजा पारसाचें मोठें राज्य उभारीत होता. कोरेशानें मेद्यांस जिंकलें, लुदियाचें श्रीमंत राज्य घेतलें, आणि इ. स. पू. ५३९ मध्यें बाबेलही घेतली. त्यानंतर लवकरच त्यानें यहूदी लोकांस स्वदेशीं परत जाण्याची व मंदिर बांधण्याची परवानगी दिली, हें आमच्या वाचकांस माहीत आहेच. कोरेश इ. स. पू. ५३० मध्यें मरण पावला व त्याचा पुत्र कंबुजीय गादीवर बसला. या कंबुजीयानें इ. स. पू. ५२५ मध्यें मिसर देश जिंकला. त्या स्वारींत दारयावेश हा राजाचा भालाईत होता, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. तरुण माणसास ही चाकरी मानाची खरी, परंतु तिच्यावरून हा पुढें राजा होईल असें कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल. त्याचा बाप व आजा दोघेही तेव्हां जिवंत होते, आणि त्यांच्यापैकीं कोणी गादीवर नव्हता.

राज्यप्राप्ति

इ. स. पू. ५२२ मध्यें कंबुजीय मिसरांत असतां इकडे पारसांत एका मनुष्यानें आपण कोरेशाचा धाकटा पुत्र बर्दिय आहों असें सांगून गादी घेतली. त्यानें तीन वर्षांची पट्टी व लष्करची चाकरी माफ केली, त्यामुळें प्रजा त्यास अनुकूल झाली. कंबुजीय परत येतांना वाटेंतच मेला. मग त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस दारयावेश व दुसरे सहा सरदार यांनीं मेदी प्रांतांतील एका गढींत शिरून त्या नव्या राजास ठार मारिलें, आणि दारयावेश राजा झाला. त्या वेळीं त्याचें वय सुमारें अठ्ठावीस वर्षांचें होतें.

दारयावेशाचें म्हणणें असें कीं, खऱ्या बर्दियास कंबुजीयानें पूर्वींच गुप्तपणें मारविलें होतें, आणि गादीवर बसलेला मनुष्य गौमात नांवाचा एक मगी, म्हणजे पुरोहित, असून तो लबाड होता. हिरोडोटसही थोड्याफार फरकानें हीच हकीकत देतो. परंतु हल्लींच्या पुष्कळ इतिहासकारांस या गोष्टीचा मोठा संशय वाटतो. राजाचा भाऊ मेला आणि तें कोणास कळलें नाहीं. दुसऱ्यानें त्याचें सोंग घेतलें आणि तें घरच्या माणसांनींही ओळखलें नाहीं. हें सहज पटण्यासारखें नाहीं. मारिला गेला तो कोरेशाचा खरा पुत्रच होता, आणि गौमाताची कथा आपला हक्क साबीत करण्यासाठीं दारयावेशानें रचली, असें त्यांस वाटतें. सत्य काय तें देव जाणतो. परंतु या राजाचा थोरपणा सांगतांना हा संशय वाचकांपासून लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

बेहिस्तूनचा कडा

राजा मारिला जातांच राज्यांत चहूंकडे बंडें झालीं. एलाम, बाबेल, मेदी, पार्थिया, आणि खुद्द पारस देश, कोणीही शांत राहिलें नाहीं. बाबेलांत तर एकामागून एक दोघांनीं आपण नबुखद्नेस्सर आहों असें म्हणून राज्य बळकाविलें. दारयावेशाजवळ फौज थोडी होती, परंतु ती त्याच्याशीं एकनिष्ठ होती. त्यानें एका वर्षांत एकोणीस लढाया जिंकून नऊ राजांस धरिलें, असें तो स्वतः सांगतो. धरलेल्यांस त्यानें दया दाखविली नाहीं. मेदी प्रांतांतील बंडखोराचें नाक, कान व जीभ कापून, एक डोळा काढून त्यास लोकांपुढें बांधून ठेविलें, व शेवटीं अखमथा येथें सुळावर दिलें.

ही सर्व हकीकत त्यानें बाबेलाहून अखमथाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील बेहिस्तून येथील डोंगराच्या उभ्या कड्यावर कोरविली. लेख व चित्र मिळून सुमारें १५ मीटर उंच व २५ मीटर रुंद आहे. चित्रांत राजा उभा असून त्याचा पाय गौमाताच्या छातीवर आहे, आणि समोर बंडखोर राजे गळ्यांत दोर बांधलेले उभे आहेत. लेख तीन भाषांत आहे: जुनी पारसी, एलामी व बाबेली. त्यांत राजा वारंवार सांगतो कीं, आपणांस अहुरमज्द देवानें राज्य दिलें, आपले शत्रु लबाड होते म्हणून पडले, व आपण लिहिलें तें सर्व खरें आहे. या लेखाच्या नकला त्यानें देशोदेशीं पाठविल्या; मिसरांतील यहूदी वसाहतींत अरामी भाषेंतील एक नक्कल सांपडली आहे.

या लेखाचा आमच्या प्रांताशीं थोडासा संबंध आहे. तो वाचण्यांत ज्यांनीं मोठा भाग घेतला, ते हेन्री रॉलिन्सन हे १८२७ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या लष्करांत तरुण कॅडेट म्हणून आले होते. पुढें इराणांत नेमणूक झाल्यावर त्यांनीं १८३५ पासून जीव धोक्यांत घालून त्या कड्यावरील अक्षरें उतरून घेतलीं, आणि १८४६-४७ मध्यें पारसी लेखाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. अगदीं अवघड जागेवरील बाबेली लेख १८४७ मध्यें एका कुर्दी मुलानें खुंट्या व दोर यांच्या आधारानें वर चढून कागदावर उठवून घेतला. त्या लेखाच्या साह्यानें बाबेल व अश्शूर येथील हजारों जुने लेख वाचतां येऊं लागले, आणि पवित्र शास्त्रांतील अनेक राजांचीं नांवें त्यांत मिळालीं.

राज्याची व्यवस्था

तरवारीनें मिळविलेलें राज्य तरवारीनें फार दिवस राहत नाहीं, हें दारयावेशास समजलें होतें. त्याचें राज्य पश्चिमेस एजियन समुद्रापासून पूर्वेस सिंधु नदीपर्यंत पसरलें होतें, व त्यांत अनेक भाषा बोलणारे आणि अनेक देव मानणारे लोक होते. हिरोडोटस म्हणतो कीं, त्यानें राज्याचे वीस सुभे करून प्रत्येकाची पट्टी ठरवून दिली. सुभ्यावर जो अधिकारी नेमीत, त्यास क्षत्रप म्हणत. हा शब्द आमच्या देशास अपरिचित नाहीं. पुढें कित्येक शतकांनीं पश्चिम हिंदुस्थानांत राज्य करणाऱ्या राजांनीं हीच पदवी घेतली होती, आणि नाशिकजवळील पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाच्या घराण्याचे लेख अजून आहेत. पदवी मूळची पारसाची.

क्षत्रपाच्या हातीं पट्टी वसूल करणें व न्याय करणें हें असे. परंतु तो फार मोठा होऊन बंड करूं नये, म्हणून किल्ल्यांतील शिबंदीचे कांहीं सरदार थेट राजाच्या हुकुमाखालीं ठेवीत, व दप्तराचा चिटणीसही राजाचा असे. याशिवाय अचानक येऊन तपासणी करणारे अंमलदार असत. त्यांस लोक राजाचे डोळे व राजाचे कान म्हणत.

पट्टीचा एकंदर आकार हिरोडोटसानें १४,५६० तालांत रुप्याइतका दिला आहे. एक तालांत म्हणजे सुमारें २६ किलो, यावरून हिशेब करावा. यहूदा देश ज्यांत होता, त्या फरात नदीपलीकडील सुभ्यावर ३५० तालांत बसविले होते, मिसरावर ७००, बाबेल व अश्शूर यांवर १,००० तालांत व शिवाय खोजे करण्यासाठीं ५०० मुलगे. हा शेवटला कर वाचून अंगावर शहारे येतात. मुलगे देणाऱ्या आईबापांस त्या सुव्यवस्थित राज्याचें सुख काय वाटलें असेल? पारस देशावर मात्र पट्टी नव्हती. राज्यकर्त्यांची जात करांतून मोकळी होती.

सिंधु नदीकडील प्रांतही दारयावेशानें राज्यास जोडला. त्याचे लोक सिंधूस हिंदुश म्हणत, आणि हिंदु व हिंदुस्थान हीं नांवें त्याच उच्चारापासून निघालीं आहेत. या सुभ्याची पट्टी सोन्याच्या कणांनीं, ३६० तालांत, घेत असत. स्कुलाक्स नांवाच्या खलाशास राजानें सिंधूच्या मुखाकडे पाठविलें, आणि तो तीस महिन्यांनीं समुद्रमार्गें मिसराजवळ पोहोंचला. मिसरांत नील नदीपासून तांबड्या समुद्रापर्यंत दारयावेशानें कालवा खणविला. त्याच्या कांठीं उभे केलेले लेखांचे दगड सांपडले आहेत. त्यानें सोन्याचें नाणें पाडिलें, तें सुमारें साडेआठ ग्रॅम वजनाचें असे व तें दारिक म्हणून चाले. पैशाच्या बाबतींत तो इतका काटेकोर होता कीं, हिरोडोटसाच्या सांगण्याप्रमाणें पारसी लोक कोरेशास बाप, कंबुजीयास धनी, आणि दारयावेशास दुकानदार म्हणत असत.

रस्ते, डाक व दप्तर

लुदियांतील सार्दीस शहरापासून शूशन राजधानीपर्यंत राजरस्ता होता. त्याची लांबी सुमारें अडीच हजार किलोमीटर असून त्यावर १११ टप्पे होते. पायीं जाणारास नव्वद दिवस लागत. परंतु राजाची डाक घोड्यांवर जाई. टप्प्याटप्प्यावर ताजा घोडा व ताजा स्वार तयार असे, आणि पाऊस, ऊन किंवा रात्र यांमुळें ती थांबत नसे. एस्तेरच्या पुस्तकांत जे जलद घोड्यांवरील जासूद येतात, ते याच व्यवस्थेंतले.

या डाकेच्या पारसी नांवावरून ग्रीक भाषेंत एक क्रियापद आलें, असें विद्वान समजतात. त्याचा अर्थ वेठीस धरणें. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत कोणी एक कोस वेठीस धरून नेलें तर काय करावें, हें प्रभूनें सांगितलें आहे, तेथें हाच शब्द आहे. आणि कुरेनेकर शिमोनास प्रभूचा वधस्तंभ वाहावयास लाविलें, तेथेंही हाच आहे. आमच्या जुन्या मंडळीस वेठ म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. अंमलदाराचें ओझें पुढल्या गांवापर्यंत पोहोंचविण्याचें काम गांवच्या महारांच्या माथीं असे, व महार वतन १९५८ च्या कायद्यानें रद्द होईपर्यंत तो भार पुष्कळांनीं सोसला. राजाचा निरोप वाऱ्यासारखा जातो, तेव्हां तो कोणाच्या तरी पाठीवरून व खांद्यावरून जातो. हिरोडोटसानें त्या घोड्यांची तारीफ लिहिली. ज्यांच्या खांद्यावर ओझें पडतें, त्यांची गोष्ट प्रभूनें बोलून दाखविली.

दप्तर ठेवण्यांत या राज्याची बरोबरी करणारें त्या काळीं क्वचितच दुसरें असेल. दारयावेशानें पर्सेपोलिस येथें मोठी राजनगरी बांधावयास घेतली. तेथें १९३३-३४ मध्यें जमीन खणतांना मातीच्या विटांवर लिहिलेले हिशेब हजारोंनीं सांपडले. ते बहुतेक एलामी भाषेंत असून इ. स. पू. ५०९ ते ४९३ या काळचे आहेत. कोणत्या मजुरास किती धान्य दिलें, कोणत्या प्रवाशानें कोणता शिक्क्याचा परवाना दाखवून कोठें शिधा घेतला, कोणत्या देवाच्या पूजेस किती धान्य किंवा दारू गेली, हें सर्व त्यांत टिपलेलें आहे. हिंदुशाकडे जाणारे व तिकडून येणारे प्रवासीही त्यांत आहेत. बाळंतिणीस वाढीव शिधा मिळे, ही गोष्ट चांगली. परंतु मुलगा झाला तर दुप्पट व मुलगी झाली तर त्याच्या निम्मा, असा त्यांत भेद होता. हा भेद आमच्या लोकांतूनही पुरता गेला आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

न्यायाविषयीं राजाची कळकळ

नक्श-ए-रुस्तम येथील आपल्या कबरेवर दारयावेशानें जो लेख कोरविला, त्याचा भावार्थ असा आहे: बळकटानें दुबळ्यास त्रास द्यावा हें आपणांस आवडत नाहीं, व दुबळ्यानें बळकटाचें वाईट करावें हेंही आवडत नाहीं, दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज आपण कोणाचें म्हणणें मानीत नाहीं, आणि राग आला असतां आपण तो आवरून धरतों. मिसर देशचे पूर्वींचे कायदे लिहून काढण्यासाठीं त्यानें तेथील शहाण्या लोकांस एकत्र करविलें, हें मिसरी लेखांवरून कळतें. जिंकलेल्या लोकांवर आपले कायदे न लादतां त्यांचे कायदे त्यांस लिहून देणें, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच्या न्यायाची एक गोष्ट हिरोडोटसानें दिली आहे. संदोकेस नांवाच्या राजाच्या न्यायाधीशानें लांच घेऊन खोटा निकाल दिला. दारयावेशानें त्यास वधस्तंभावर चढविलें. तो तेथें लटकत असतां राजानें मनांत हिशेब केला, आणि त्यास वाटलें कीं, या मनुष्यानें राजघराण्याची जी सेवा केली आहे, ती त्याच्या अपराधाहून जास्त भरते. म्हणून त्यानें त्यास जिवंत खालीं उतरविलें व पुढें एका शहराचा अधिकारी केलें. राजाचा न्याय याप्रमाणें तराजूचा न्याय होता. ज्यावर अन्याय झाला त्या गरिबास त्याचें परत मिळालें कीं नाहीं, याविषयीं त्या गोष्टींत एक अक्षरही नाहीं.

यरुशलेमांतील मंदिर

आतां आमच्या मुख्य विषयाकडे येऊं. कोरेशाच्या परवानगीनें बेचाळीस हजारांहून अधिक यहूदी परत गेले होते. त्यांनीं मंदिराचा पाया घातला, परंतु शेजाऱ्यांनीं विरोध केला व काम बंद पडलें. सुमारें सोळा वर्षें तो पाया तसाच उघडा पडून होता. या काळांत लोकांनीं स्वतःचीं घरें मात्र तक्तपोशी करून नीट बांधलीं. अजून वेळ आली नाहीं, असें ते म्हणत. दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ५२० मध्यें, हग्गय व जखऱ्या यांनीं त्यांस जागें केलें, आणि जरुब्बाबेल व येशूवा यांनीं काम पुन्हां सुरू केलें.

यांत धोका केवढा होता, तें वरील हकीकतीवरून समजेल. नुकतींच चहूंकडे बंडें मोडलीं होतीं. बंडखोरांच्या नाककानांची काय गत झाली, हें सर्वांस ठाऊक होतें. अशा वेळीं दावीदाच्या वंशांतील एक मनुष्य यरुशलेमांत मोठी इमारत उभारूं लागला, तर तें सरकारच्या नजरेस बंडासारखेंच दिसावयाचें. तेव्हां सुभ्याचा अधिकारी तत्तनइ चौकशीस आला. हा अधिकारी खरोखर होऊन गेला, हें इ. स. पू. ५०२ मधील एका बाबेली लेखांत त्याचें नांव व हुद्दा आढळल्यावरून कळतें. तुम्हांस परवानगी कोणीं दिली व तुमच्या पुढाऱ्यांचीं नांवें काय, असें त्यानें विचारिलें.

यहूदी वडिलांनीं काय केलें, तें पाहावें. त्यांच्या हातीं कोरेशाच्या हुकुमाचा कागद असता, तर त्यांनीं तो दाखविला असता. परंतु त्यांनीं तोंडानेंच सांगितलेलें दिसतें. त्यांनीं नांवें लपविलीं नाहींत. आपल्या पूर्वजांनीं देवास संताप आणिला म्हणून पहिलें मंदिर पाडलें गेलें, ही आपल्या लाजेची गोष्टही त्यांनीं परक्या अंमलदारापुढें सांगितली. कोरेशानें परवानगी दिली होती, तिचा शोध करावा, एवढेंच त्यांनीं मागितलें. तत्तनइनेंही प्रामाणिकपणें त्यांचें म्हणणें जसेंच्या तसें राजास लिहिलें, आणि उत्तर येईपर्यंत काम थांबविलें नाहीं.

राजानें दप्तर शोधण्याचा हुकूम केला. बाबेलांत शोध झाला. शेवटीं तो पट दूर अखमथा येथील राजवाड्यांत सांपडला. त्यांत मंदिराची उंची व रुंदी, दगडांचे थर, व खर्च राजाच्या खजिन्यांतून करावा हेंही लिहिलेलें होतें. तेव्हां दारयावेशानें कोरेशाचा हुकूम कायम केला, इतकेंच नव्हे तर त्याच सुभ्याच्या पट्टींतून खर्च द्यावा, आणि अर्पणांसाठीं गोऱ्हे, मेंढे, कोंकरें, गहूं, मीठ, द्राक्षारस व तेल रोजच्या रोज पुरवावें, असें तत्तनइस लिहिलें. जो चौकशी करावयास आला, त्याच्याच तिजोरींतून मंदिराचा खर्च निघाला! हुकूम मोडणारास त्याच्याच घराची तुळई काढून तीवर लटकवावें, ही शिक्षाही त्यानें घातली. बेहिस्तूनच्या राजाची ती नेहमींची रीत होती. दारयावेशाच्या सहाव्या वर्षीं, इ. स. पू. ५१५ मध्यें, मंदिर पुरें झालें.

राजानें हें कां केलें? तो यहोवाचा भक्त झाला नव्हता. मिसरांतील देवांचींही मंदिरें त्यानें बांधलीं, आणि पर्सेपोलिसच्या हिशेबांत एलामी देवांचाही शिधा आहे. यहूदा देश मिसराच्या वाटेवर पडतो. तेथील लोक संतुष्ट असावेत, व त्यांनीं आपल्यासाठीं व आपल्या पुत्रांसाठीं प्रार्थना करावी, अशी त्याची इच्छा होती. हा हेतु राज्यकर्त्याचा होता. परंतु देवानें आपल्या लोकांस जें वचन दिलें होतें, तें या हेतूच्या हातूनच पुरें करून घेतलें.

शेवटचीं वर्षें

इ. स. पू. ५१३ च्या सुमारास दारयावेशानें डॅन्यूब नदीपलीकडे स्कुथी लोकांवर स्वारी केली, पण ते त्याच्या हातीं लागले नाहींत. इ. स. पू. ४९९ मध्यें आशियाच्या कांठावरील ग्रीक शहरांनीं बंड केलें. अथेनैकरांच्या मदतीनें सार्दीस जाळलें गेलें. तें बंड ४९४ मध्यें मोडलें. त्यानंतर तेथील जमिनी मोजून पट्टी नव्यानें ठरविली, ही राज्यकर्त्यांस सुचलेली शहाणपणाची गोष्ट होय. परंतु अथेनैकरांस शिक्षा करण्यासाठीं पाठविलेली फौज इ. स. पू. ४९० मध्यें मॅरेथॉनच्या मैदानावर हरली. पुन्हां मोठी तयारी चालू असतां मिसर देशानेंही बंड केलें, आणि इ. स. पू. ४८६ मध्यें, छत्तीस वर्षें राज्य करून, दारयावेश मरण पावला. कोरेशाची कन्या अतोसा हिच्या पोटीं झालेला त्याचा पुत्र गादीवर बसला. त्यासच शास्त्रांत अहश्वेरोश म्हटलें आहे. पुढें इ. स. पू. ३३० मध्यें शिकंदराच्या लोकांनीं पर्सेपोलिस जाळलें व तें राज्य संपलें.

या चरित्रापासून घ्यावयाचा बोध

दारयावेश मोठा राजा होता यांत शंका नाहीं. रस्ते, डाक, नाणीं, दप्तर, पट्टीची ठरलेली रक्कम, आणि प्रजेच्या धर्मास मोकळीक, या गोष्टींनीं कोट्यवधि लोकांचें जीवन बदललें. चांगल्या सरकारापासून मंडळीस सुख होतें, म्हणून अधिकाऱ्यांकरितां प्रार्थना करावी, असें शास्त्र आम्हांस शिकवितें, आणि यहूद्यांनींही ती केली असेल. परंतु राजाच्या कृपेस सुवार्ता समजूं नये. त्याच हातानें मंदिरास गहूं व तेल दिलें, आणि त्याच हातानें पांचशें मुलगे मागितले.

दुसरें असें. यहूद्यांचें काम एका जुन्या पटामुळें वांचलें. आमच्या कित्येक मंडळ्यांत प्रार्थनामंदिराच्या जागेचे, कबरस्तानाचे व बाप्तिस्म्याच्या नोंदींचे कागद कोणाच्या तरी पेटींत वाळवीच्या तोंडीं पडलेले असतात, आणि ते ठेवणारा मेला म्हणजे कोणासच कांहीं सांपडत नाहीं. तंटा निघाल्यावर शोध करण्यापेक्षां पंचांनीं ते आजच नीट लावून ठेवावेत. हें काम प्रार्थनेपेक्षां हलकें आहे असें कोणी मानूं नये.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. राजानें डोंगराच्या कड्यावर आपण खरें बोलतों असें तीन भाषांत लिहून ठेविलें, आणि अडीच हजार वर्षांनंतरही लोक त्याविषयीं संशय घेत आहेत. यरुशलेमांतील वडिलांनीं धुळीनें माखलेल्या हातांनीं, एका अंमलदारासमोर, आपल्या पूर्वजांचें पाप सुद्धां न लपवितां खरें तें सांगितलें. त्यांचें म्हणणें राजाच्याच दप्तरानें खरें ठरविलें. खेड्यांत आमचे थोडे लोक असतात, आणि पाटील, अंमलदार किंवा शेजारी यांच्यापुढें उभें राहण्याचा प्रसंग आला म्हणजे थोडेंसें खोटें बोलून सुटावें असा मोह होतो. त्या वेळीं या वडिलांची आठवण करावी.

आणि संदोकेसाचाही विचार करावा. राजानें त्याची चाकरी व त्याचा अपराध तोलून पाहिला, आणि चाकरी जड भरली म्हणून त्यास वधस्तंभावरून उतरविलें. आमचा हिशेब असा तोलला गेला, तर आमच्यापैकीं कोण खालीं उतरेल? आम्हांसाठीं जो वधस्तंभावर चढला, त्याचा अपराध कांहींच नव्हता, आणि त्यास कोणी जिवंत उतरविलें नाहीं. दारयावेशाची कबर अजून कड्यांत आहे. आमच्या राजाची कबर मोकळी आहे, आणि त्याच्या राज्यांत परदेशी व गरीब हे करांतून सुटलेल्या जातीबरोबर एकाच मेजावर बसतात.